एफडी मोडू नका, मीटर बघा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. घरात पाच माणसं : नवरा-बायको, कॉलेजात जाणारी दोन मुलं आणि ७९ वर्षांच्या सासूबाई. हातात येणारा पगार ४२,००० आणि महिन्याकाठी जेमतेम ४,००० शिल्लक. दिवाळीने खिसा रिकामा केला आणि आता थंडी दारात. त्यांनी यादी काढली आहे : गीझर ७,५००, रूम हीटर २,२००, दोन नव्या रजया ५,०००. एकूण १४,७००. मार्चमध्ये पिकणारी ६०,०००ची एफडी मोडावी की नो-कॉस्ट ईएमआय घ्यावा, असा प्रश्न आहे. जोडीला ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यातून मुलीसाठी स्कूटर घ्यायचा विचार, त्यासाठी बाजूला ठेवलेले २०,००० आहेत.

ताई, तुम्ही सोबत जोडलेली विजेची बिलं मी आधी वाचली. तुमचं उत्तर त्यातच आहे.

ऑक्टोबरला ११८ युनिट, बिल तीनशेच्या आत. गेल्या जानेवारीला २१४ युनिट, बिल १,७८०. युनिट दुपटीलाही पोचले नाहीत, बिल मात्र सहापट झालं. कारण मध्य प्रदेश सरकारची वीजबिलात सवलत देणारी अटल गृह ज्योती योजना. महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत असला तर पहिली १०० युनिटं १०० रुपयांत मिळतात. १५० ओलांडलं की ही सवलत अख्खीच जाते, फक्त वरच्या युनिटांपुरती नाही. मार्चमध्ये आलेलं बिल काढून बघा : १५८ युनिट, १,२५० रुपये. त्या शेवटच्या आठ युनिटांनी तुमचे सात-आठशे नेले.

आता गीझरचं. तुम्हाला भीती आहे की त्याने बिल आणखी वाढेल. नाही वाढणार, कारण सध्या तुमचा रॉड तेवढीच वीज खातो आहे. बादलीभर पाणी १५ अंशांवरून ४० अंशांवर न्यायला साधारण ०.६ युनिट लागतं, मग ते रॉडने तापवा नाहीतर गीझरने. पाच बादल्यांची तीन युनिटं रोज, महिन्याची नव्वद. तुमच्या जानेवारीच्या बिलात तेवढीच वाढ दिसते. म्हणजे गीझरने बिल वाचणार नाही, पण बादलीत सोडलेल्या रॉडजवळ सासूबाईंचा हात जाणार नाही. माझ्या मते ७,५०० त्यासाठीच द्यावेत. प्रत्येक आंघोळीआधी वीस मिनिटं लावा, मग बंद. दिवसभर चालू ठेवलात तर मात्र माझा हिशेब चुकेल.

हीटर यादीतून काढा. २,००० वॅटचा हीटर तीन तास चालला की सहा युनिटं, महिन्याची १८०. पूर्ण घराच्या आजच्या वापराहून जास्त! सासूबाईंसाठी नवी रजई, गरम पाण्याची पिशवी आणि दुपारी गच्चीवरचं ऊन. (सिगडीचा विषय निघेलच. बंद खोलीत कोळशाची सिगडी अजिबात नको, तिच्या वायूचा वास येत नाही आणि माणूस झोपेतच जातो.) दुसरी रजई विकत घेऊ नका. जुन्या रजईच्या कोपऱ्यात कापसाचे गोळे झालेत असं तुम्हीच लिहिलंय, ती पिंजून भरून घ्या, काही शेकड्यांत होईल.

म्हणजे १४,७०० ऐवजी साडेदहा हजारांच्या आसपास. एवढ्यासाठी एफडी मोडली तर बँक साधारण अर्धा-एक टक्का व्याज कापणार, तेही पिकायला चार महिने राहिले असताना. आणि नो-कॉस्ट ईएमआयमध्ये बहुतेक वेळा प्रोसेसिंग फी असते, व्याजावरचा १८ टक्के जीएसटीही आपल्याच माथी येतो. पैसे स्कूटरच्या वीस हजारांतून घ्या आणि मार्चपर्यंत महिन्याच्या शिल्लकीतून परत भरा.

स्कूटर यंदा नको. मेळ्यात गाड्यांवर रोड टॅक्समध्ये ५० टक्के सूट मिळते हे खरं, पण सरकार ती दरवर्षी वेगळी जाहीर करतं, कधीकधी उशिरा. शिवाय हप्ता सुरू होणार नेमक्या वाढीव बिलाच्या महिन्यांत. १९०५ पासून भरणारा मेळा पुढच्या वर्षीही भरेल, मुलीला एक हिवाळा टेम्पोने जाऊ द्या.

राहिली बिलं. जानेवारी-फेब्रुवारीत सवलत गेली तर जाऊ द्या, त्यापोटी दोन महिन्यांचे तीन हजार आत्ताच वेगळे ठेवा. एक हजार वाचवण्यासाठी रोज चार बादल्या गॅसवर तापवून उचलायच्या, डब्यांच्या घाईत, आणि उचलणार तुम्हीच. नको. जीव कडेच्या महिन्यांत लावा : नोव्हेंबर आणि मार्च. बिलावरची रीडिंगची तारीख भिंतीवर लिहा, रोज सरासरी पाच युनिटं धरा. शेवटचा आठवडा सुरू होताना मागच्या रीडिंगपासूनचा वापर ११५ च्या पुढे दिसला तर तेवढेच दिवस पाणी गॅसवर. बादलीला पाऊणशे-ऐंशी ग्रॅम गॅस लागतो, तेवढा परवडतो.

संक्रांतीच्या वाणाचे १,५०० कापू का, असं विचारलंत. कापू नका. मटार-गाजर-मेथी स्वस्त झाली की भाजीच्या खर्चातून तेवढे निघतील, गजक (तीळगुळाची मिठाई) दर रविवारी आणली नाही तर. जुनी रजई मात्र याच आठवड्यात पिंजायला टाका, पहिला कडाका पडला की पिंजाऱ्याकडे रांग लागते.