गुडनाईट गावात घर घ्यावं का?

ताई, तुमच्या यजमानांना टेक्सासच्या आर्मस्ट्राँग काउंटीत पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम मिळालंय आणि "नकाशावर जवळच गुडनाईट गाव दिसतंय, अमरिलो शहरापेक्षा तिथंच स्वस्तात राहिलो तर?" असं तुम्ही विचारलंय. मी मूळचा साताऱ्याचा, हे काम चाळकेवाडीच्या पठारावर शिकलो आणि आता याच भागात आहे. माझं मत विचाराल तर तिथे राहू नका. कारण गावाच्या इतिहासातच आहे.

आपलं गाव पाण्याच्या आसऱ्याने, देवळाभोवती पिढ्यान्‌पिढ्या वाढलेलं असतं. हे गाव वसलं एका रँचवाल्यामुळे (रँच म्हणजे गुरं पाळायचं भलंमोठं कुरण) आणि एका रेल्वेमुळे. चार्ल्स गुडनाईट 1876 मध्ये कोलोरॅडोतून गुरं हाकत पालो ड्युरोच्या दरीत आला. दरी त्याला मोकळी मिळाली, कारण 1874 मध्ये लष्कराने कोमांची, कायोवा आणि शायेन लोकांवर तिथे हल्ला करून त्यांचे हजारावर घोडे मारून टाकले होते. इथले लोक गुडनाईटचं कौतुक सांगताना हा भाग पटकन उरकतात. पुढे जॉन अडेअर या आयरिश धनिकाच्या भांडवलावर जेए रँच उभी राहिली आणि भरभराटीत तेरा लाख एकर, लाखभर गुरांपर्यंत गेली.

अडेअर 1885 मध्ये वारला, गुडनाईट भागीदारीतून बाहेर पडला. 1887 मध्ये रेल्वे आली, तेव्हा त्याने रुळांजवळ दुमजली घर बांधलं. त्याच्याभोवती गाव जमलं. 1898 मध्ये गुडनाईट नवरा-बायकोच्या मदतीने कॉलेजही निघालं. पण 1910 मध्ये कॅन्यन नावाच्या गावात सरकारी नॉर्मल स्कूल, म्हणजे शिक्षक घडवणारं कॉलेज, सुरू झाल्यावर त्याचा टिकाव लागला नाही. आज मोजकी घरं, जुन्या घरातलं संग्रहालय आणि दफनभूमी एवढंच उरलंय. गुडनाईटच्या थडग्याच्या कुंपणाला लोक येताजाता रंगीत रुमाल बांधून जातात. आपल्याकडच्या नवसाच्या झाडासारखंच!

तुम्हाला खरं तर त्याच्या बायकोबद्दल, मेरीबद्दल सांगायचंय. दरीत शेजारीण म्हणून कोणी नव्हतं. एका काऊबॉयने तिला पोत्यातून तीन कोंबड्या आणून दिल्या, तर त्या कापायच्या सोडून तिने सोबतीला पाळल्या. शिकाऱ्यांच्या तडाख्यातून उरलेली बायसनची (अमेरिकेतल्या रानगव्यांची) वासरंही तिने वाढवायला लावली. त्यांचा वंश आज कॅप्रॉक कॅन्यन्स उद्यानात चरतोय. बाई धीराची, यात शंका नाही. पण तुमचे यजमान बारा-बारा तास टॉवरवर आणि तुम्ही घरी एकट्या, हे दिवस तुम्ही कशाला काढायचे?

त्यामुळे घर अमरिलोत बघा. तिथून गुडनाईट साधारण 40 मैल, सरळ हायवे. दवाखाना, किराणा, मुलांच्या शाळा सगळं हाताशी. भाडं थोडं जास्त पडेल, पडू दे. शांतताच हवी असेल तर क्लॉड बघा. काउंटीचं मुख्य गाव आहे, शाळा आहे, पण मोठ्या खरेदीला अमरिलो गाठावंच लागतं. कुठेही राहिलात तरी दोन गाड्या लागतील, आणि तुमचं लायसन्स यजमानांइतकंच निकडीचं धरा. वसंतात गारा पडतात, लिंबाएवढ्यासुद्धा, म्हणून घर ठरवण्याआधी गाडी उभी करायला छप्पर आहे का ते विचारून घ्या.