वाचक विचारतात: कॉलनीतलं पाणी कुठं पळतं, कुठं मुरतं?

प्रश्न: आमची कॉलनी लातूरच्या कडेला, सगळी काळी माती. अर्धा तास पाऊस झाला की खालच्या गल्लीत गुडघाभर पाणी अन् फेब्रुवारीत बोअर कोरडे. पोरं म्हणतात मोबाईलवर नाल्या, शोषखड्डे, उतार सगळ्याचा नकाशा करू, पण सुरुवात कुठून करावी कळंना. मागच्या मे महिन्यात खणलेला शोषखड्डा ऑगस्टात भरला तो दिवाळीपर्यंत आटलाच नाही, डास तेवढे झाले. – एक वाचक, लातूर

उत्तर: दादा, अर्धं उत्तर तुमच्या खड्ड्यातच आहे. काळी माती उन्हाळ्यात फाटते, भेगात हात जाईल एवढी, म्हणून पहिल्या पावसाचं पाणी गटागटा पिते अन् आपल्याला वाटतं काय भारी मुरतंय, पण दोन-चार पावसात ती फुगली, भेगा मिटल्या की पाणी वरच. खड्डा खाली मुरमापर्यंत गेला असता तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा नकाशात पहिली नोंद हीच टाका की कुठं किती फुटांवर मुरूम लागतो. त्याला मशीन नको, ज्यानं घर बांधलं त्यानं पाया खणताना बघितलेलं असतं, घरोघरी विचारा.

मग भर पावसात बाहेर पडा, मोबाईल कॅरीबॅगमध्ये गुंडाळून. पाणी कोणत्या कोपऱ्यावर वळतं, कुठं नाली तुंबून रस्त्यावर येतं, तिथं बाण टाकत जा. ओपनस्ट्रीटमॅप घ्या की गुगलचं माय मॅप्स, काहीही चालतं. जागा चार-पाच मीटर इकडंतिकडं दाखवेल, ते घर बघून दुरुस्त होतं, पण मोबाईलच्या उंचीवर भरवसा ठेवू नका. टोपोशीटवर, म्हणजे सर्वेक्षण खात्याच्या नकाशावर, सारख्या उंचीच्या रेषा (कंटूर) असतात, त्या साधारण 20-20 मीटरच्या फरकानं अन् तुमच्या कॉलनीचा सगळा उतार भरला तर दोन-तीन मीटर! त्यापेक्षा मिस्त्रीकडची लेव्हलची नळी आणा, पाणी भरा, दोन पोरांनी एकेक टोक धरलं की कुठलं चेंबर किती इंच खाली ते लगेच कळतं.

शोषखड्ड्यांचं नुसतं टिंब टाकून भागत नाही, झाकण उघडून बघायचं. आमच्या गल्लीत मोजले तर सात निघाले, पाणी पिणारे दोनच, बाकी गाळानं गच्च अन् एकावर तर गट्टू बसवून कुणीतरी स्कुटी लावत होतं. म्हणून चालू अन् बुजलेले वेगळ्या रंगात. बुजवलेले जुने आडही टाका, म्हाताऱ्या माणसांना जागा बरोबर आठवतात.

मुरण्याची चाचणी ऑगस्टातच घ्या. फूटभर खड्डा, दोनदा पाणी भरून जिरू द्या, तिसऱ्यांदा तासात किती उतरलं ते पट्टीनं बघा. हजार फुटाच्या स्लॅबवर 50 मिमी पाऊस म्हणजे साडेचार हजार लिटरच्या वर पाणी, अशी वीस घरं धरली तर नव्वद हजाराच्या वर, अन् ते सगळं त्याच खालच्या गल्लीत. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं शहर हे, अन् आपण पाइप लावून ते नालीत सोडतो.

बाकी बोअरमध्ये फक्त स्लॅबचं पाणी सोडा, तेही पहिले एक-दोन पाऊस वाहू देऊन, मग गिट्टी-वाळूच्या फिल्टरमधून. रस्त्याचं किंवा नालीचं अजिबात नको. आणि नकाशात प्रत्येक बोअरपासून जवळचा सेप्टिक टँक किती फुटांवर तेही लिहा, शेजारी चिडले तरी.