लष्करी दारूगोळ्याचे प्रकार आणि भाग कसे ओळखायचे? फ्यूज निघालेला गोळा निर्धोक समजावा का?

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. फ्यूज, म्हणजे गोळा फोडायला सुरुवात करणारी कळ, दिसत नाही म्हणून गोळा निर्धोक होत नाही. का, ते पुढे येईलच. दारूगोळ्याच्या तपासणीत माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे या बाबतीत मी सावध बोलतो, तुम्हीही सावधच राहा.

नवीन माणूस आधी रंग पाठ करायला लागतो. आम्ही आधी एवढंच विचारतो की ही वस्तू इथवर आली कशी? तोफेतून, उखळी तोफेतून, विमानातून, स्वतःच्या मोटरच्या जोरावर, हाताने फेकून, की कुणी पुरून ठेवली? येण्याची रीत तिच्या अंगावर उमटलेली असते, आणि ती वाचता आली की प्रकार कळतो.

तोफेचा गोळा घ्या. जाड पोलादी अंग, निमुळतं तोंड, बहुतेकांना पंख नाहीत. बुडाच्या थोडं वर तांब्याची किंवा तशाच मऊ धातूची पट्टी असते, तिला ड्रायव्हिंग बँड म्हणतात. नळीच्या आत पिळाच्या खाचा असतात. गोळा सुटताना ही पट्टी त्यांत रुतते आणि गोळा स्वतःभोवती गरगरायला लागतो. पट्टी गुळगुळीत असेल तर तो नळीतून गेलेला नाही. तिच्यावर एकसारख्या अंतराने तिरके कापे असतील तर तो डागलेला आहे आणि फुटायचा राहिला आहे. हा जास्त वाईट. फ्यूजमधली सुरक्षा-कुलपं डागतानाच्या धक्क्याने आणि त्या फिरण्यानेच उघडतात. आता ती कुठल्या अवस्थेत अडकली आहेत, हे बाहेरून पाहून कुणीही सांगू शकत नाही. आकाराचा अंदाज यावा म्हणून सांगतो: एम-१०७ हा जगभर वापरला गेलेला १५५ मिमीचा गोळा सुमारे ४३ किलोचा, आणि त्यात स्फोटक जेमतेम ७ किलो. बाकी बहुतेक पोलाद, आणि लांबवर माणसं मारतात ते त्या पोलादाचे तुकडे.

उखळी तोफेचा बॉम्ब थेंबाच्या आकाराचा, मागे नळकांडं आणि पंख. नळकांड्याच्या अंगाला ओळीने भोकं असतात. आतलं छोटं काडतूस पेटलं की त्याच्या ज्वाळा त्या भोकांतून बाहेर पडून भोवती गुंडाळलेली वाढीव दारू पेटवतात. लोक याला हमखास रॉकेट समजतात. फरक शेपटीत पाहायचा: रॉकेटच्या बुडाशी वायू बाहेर फेकणारं तोंड असतं, उखळी बॉम्बाला भोकं बाजूला असतात.

आरपीजी म्हणजे खांद्यावरून डागायचं रणगाडाविरोधी अस्त्र. त्याच्या गोळ्याच्या फुगीर तोंडाच्या आत तांब्यासारख्या धातूचा पोकळ शंकू असतो. स्फोटाने त्याची बारीक, अतिवेगवान धार होते आणि ती चिलखत भेदते. पीजी-७ जातीच्या गोळ्यांत टोकाला एक क्रिस्टल असतो, दाब पडला की तो वीज तयार करतो. त्याला बॅटरी लागत नाही, त्यामुळे 'इतक्या वर्षांत मेला असेल' हा हिशेब इथे लागूच पडत नाही.

विमानातून टाकायच्या बॉम्बाच्या पाठीवर टांगण्याच्या कड्या असतात, आणि फ्यूजची जागा तोंडाला, शेपटीला किंवा दोन्हीकडे. हातबॉम्बाची पिन आणि तरफ जागेवर आहे का, एवढं लांबूनच पाहावं. सुरुंग तर दिसला म्हणजेच उशीर झाला असं समजा. एक दिसला की आसपास आणखी असणार.

क्लस्टर बॉम्बमधल्या लहान बॉम्बांबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण ते शस्त्रासारखे दिसतच नाहीत. १९६४ ते १९७३ या काळात लाओसवर असे सुमारे २७ कोटी बॉम्ब पडले आणि अंदाजे ८ कोटी फुटले नाहीत. त्यातले बरेचसे टेनिसच्या चेंडूएवढे गोल आहेत, आणि मुलं ते अजूनही उचलतात. अफगाणिस्तानात २००१ मध्ये बीएलयू-९७ हे लहान बॉम्ब पिवळे होते आणि विमानातून टाकलेली अन्नाची पाकिटंही पिवळीच होती. अखेर पाकिटांचा रंग बदलावा लागला. त्याच देशात सोव्हिएत फौजांनी विखुरलेला पीएफएम-१ सुरुंग प्लास्टिकचा, फुलपाखराच्या आकाराचा, त्यात ४० ग्रॅमही स्फोटक नाही. पण पाऊल किंवा हात जायला तेवढं पुरतं.

म्हणून रंगाला मी खालचा दर्जा देतो. नाटो पद्धतीत हिरव्या अंगावर पिवळी खूण म्हणजे तीव्र स्फोटक, निळा म्हणजे सरावाचा, तपकिरी पट्टा म्हणजे रॉकेट मोटरसारखी मंद जळणारी दारू. पण ही पद्धत सगळ्या देशांची नाही, जुन्या काळची नाही, आणि मातीत रंग राहत नाही. शिवाय सरावाच्या गोळ्यातही धूर किंवा ठिणगी काढायला दारू असू शकते.

आता भाग, आणि तुमचा फ्यूजचा प्रश्न. आत एक साखळी असते. फ्यूजमध्ये अतिशय संवेदनशील डिटोनेटर, त्याच्यापुढे त्याचा धक्का वाढवणारा बूस्टर, आणि शेवटी मुख्य स्फोटक, म्हणजे टीएनटी किंवा तशी मिश्रणं. फ्यूज गेला तर पहिली कडी गेली. बूस्टर खोल बसलेला असू शकतो आणि मुख्य स्फोटक भरलेलंच असतं. टीएनटी जमिनीत दशकानुदशकं टिकतं. फार जुन्या गोळ्यांत पिक्रिक ॲसिड हे स्फोटक असेल तर ते धातूशी मिळून आणखी नाजूक क्षार तयार करतं. शिवाय ज्याला तुम्ही रिकामं भोक समजता, तिथे मोडलेल्या फ्यूजचा आतला तुकडा राहिलेला असू शकतो. विमानातल्या बॉम्बला तर दुसऱ्या टोकालाही फ्यूज असू शकतो. जर्मनीत गॉटिंगेनला २०१० मध्ये दुसऱ्या महायुद्धातला एक बॉम्ब निकामी करायची तयारी चालू असतानाच फुटला आणि तीन अनुभवी तज्ज्ञ गेले. त्यात रासायनिक विलंबाचा, म्हणजे रसायनाच्या संथ क्रियेने उशिरा फोडणारा, फ्यूज होता.

त्यामुळे ओळखायचं ते फक्त सांगता यावं म्हणून. हात लावू नका, माती झटकू नका, जवळ फोन किंवा वॉकीटॉकी वापरू नका. ज्या वाटेने आलात त्याच वाटेने मागे फिरा, इतरांना अडवा आणि लांब गेल्यावर पोलिसांना कळवा. अंदाजे लांबी-जाडी, पंख आहेत की पट्टी, तोंड कुठल्या दिशेला, लांबून वाचता आलेली अक्षरं, एवढं सांगितलं तरी बॉम्बनाशक पथकाचं बरंच काम होतं. आणि कुणी ती वस्तू हलवली असेल, घरात आणून ठेवली असेल, पाडली असेल, तर तेही न लपवता सांगा. पथक जवळ कसं जाणार, हे त्यावर ठरतं.