चिऱ्याची एक खेप आणि पिकअपची वॉरंटी

प्रश्न : मी संगमेश्वर तालुक्यातला. गेल्या वर्षी कर्ज काढून 9 लाख 40 हजारांची पिकअप घेतली, स्वतःच चालवतो. एप्रिलमध्ये हापूसच्या पेट्या कोल्हापूरला नेताना साखरप्याच्या पुढे, आंबा घाटाच्या चढाला दुसरा गिअर पडेना आणि गिअरबॉक्स बसला. शोरूम म्हणतं, ओव्हरलोडमुळे झालं, वॉरंटी नाही, 68 हजार भरा. फेब्रुवारीत एकदा चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, जड खेप मारली होती, ती त्यांना कळलीय. काय करू?

उत्तर : तुम्ही पाठवलेल्या कागदांत सगळ्यात मोलाचं आहे ते नोव्हेंबरचं जॉब कार्ड, म्हणजे गाडी दाखवायला नेल्यावर शोरूम तक्रार लिहून देतं तो कागद. गाडी जेमतेम 1,900 किलोमीटर चालली होती, तेव्हा त्यांच्याच माणसाने त्यावर लिहिलंय, 'दुसरा गिअर घासून पडतो, चढाला सटकतो.' चिरा तुम्ही भरला फेब्रुवारीत. म्हणजे दुखणं आधीचं, ओझं नंतरचं. मूळ जॉब कार्ड कुणाच्याही हाती देऊ नका.

चिऱ्याची काटापावती मात्र लपवू नका. काट्यावर 3,400 किलो, आरसीवर मालासह 2,990. म्हणजे 410 किलो जादा. रस्त्यात पकडलं असतं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 खाली 20 हजार दंड, वर जादा टनामागे 2 हजार आणि माल उतरवण्याचा खर्च. पुन्हा असं करू नका, घाटात तर नाहीच. पण दंडाचा विषय वेगळा, वॉरंटीचा वेगळा. त्या एका खेपेनेच गिअरबॉक्स गेला हे कशावरून, ते शोरूमने लेखी द्यावं. बिघाडाच्या दिवशीच्या काटापावतीवर तर 2,870 किलोच आहेत.

गाडी धंद्याची, म्हणून ग्राहक कायद्याखाली तुम्ही ग्राहक नाही, असंही ते म्हणतील. घाबरू नका. पोट भरण्यासाठी स्वतः ट्रक चालवणारा ग्राहकच, असं सर्वोच्च न्यायालयाने 1995 सालीच लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या निकालात सांगितलंय. हप्ता तुमच्या खात्यातून जातो आणि गाडी तुम्ही चालवता, हे कागदांवरून दिसू द्या.

हंगाम चालू आहे, गाडी अडकवून ठेवणं परवडणार नाही, हे मला कळतं. पैसे भरावे लागले तर बिलावर 'हरकत राखून भरले' असं लिहूनच सही करा. 'ओव्हरलोड मान्य' असं छापलेल्या कागदावर अजिबात सही नको. गिअरबॉक्स तुमच्यासमोर उघडू द्या, मोबाइलवर चित्रण करा आणि काढलेले गिअर, सिंक्रो रिंग (गिअर अलगद पडायला मदत करणारी कडी) पोत्यात बांधून घरी आणा. दोष तपासायला ग्राहक आयोग हेच भाग प्रयोगशाळेत पाठवू शकतो. ते भंगारात गेले तर तुमची बाजू निम्मी लंगडी होते.

आधी कंपनी आणि शोरूम दोघांनाही स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा, 15 दिवस द्या. उत्तर आलं नाही तर रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. ती सरकारच्या ई-जागृती पोर्टलवरूनही होते. 5 ते 10 लाखांच्या वस्तूला शुल्क फक्त 200 रुपये. मुदत दोन वर्षांची आहे, पण तेवढं थांबू नका. नोव्हेंबरमध्ये जॉब कार्ड लिहिणारा माणूस त्या शोरूममध्ये असेपर्यंत तक्रार दाखल झालेली बरी.