‘अधिनियमित करणे’ म्हणजे ‘लागू करणे’ नव्हे

प्रश्न असा आहे: संविधानाच्या उद्देशिकेत शेवटी ‘अंगीकृत आणि अधिनियमित करून स्वतःप्रत अर्पण करत आहोत’ असे शब्द येतात. त्यातल्या ‘अधिनियमित’चा अर्थ ‘लागू केलेले’ असा घ्यायचा का? आणि एरवीच्या लिखाणात हे क्रियापद वापरावं का?

‘लागू केलेले’ हा अर्थ चुकीचा आहे, आणि त्याचा पुरावा त्याच वाक्यात आहे. तिथे तारीख आहे २६ नोव्हेंबर १९४९. संविधान सर्वार्थाने अंमलात आलं २६ जानेवारी १९५० ला. अधिनियमित म्हणजे लागू असतं, तर मधले दोन महिने कशाचे? अनुच्छेद ३९४ ने ही फोड स्पष्ट केली आहे: नागरिकत्वाचे अनुच्छेद ५ ते ९, निवडणुकांचा ३२४ असे मोजके अनुच्छेद ताबडतोब अंमलात आले, बाकीचे २६ जानेवारीला. म्हणून तर निवडणूक आयोग प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, २५ जानेवारी १९५० ला स्थापन होऊ शकला.

अधिनियम म्हणजे विधिमंडळाने केलेला कायदा. त्याला ‘इत’ लागून ‘अधिनियमित’, म्हणजे कायद्याच्या रूपात सिद्ध केलेलं. घोटाळा होतो तो ‘नियमित’मुळे. संस्कृतात नियमित म्हणजे नियमाने बांधलेलं. मराठीत मात्र ‘नेहमीचं, ठरल्या वेळी होणारं’ हा अर्थ रुळला आणि पुढे ‘अनधिकृत बांधकामं नियमित करणे’ हा प्रयोग आला. त्यामुळे ‘अधिनियमित’ वाचताना ‘जास्त नियमित’ असं काहीतरी मनात येतं. २००१ च्या गुंठेवारी कायद्याच्या मराठी नावात ‘नियमाधीन करणे’ असं आहे, ते मला फार नेमकं वाटतं. बातम्यांत त्याचंच ‘नियमित करणे’ होतं.

अधिनियमित होणं आणि अंमलात येणं यांतलं अंतर बघायला माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ घ्या. लोकसभेने विधेयक ११ मे रोजी संमत केलं, राज्यसभेने १२ मे रोजी. राष्ट्रपतींची अनुमती मिळाली १५ जूनला, आणि तेव्हा तो अधिनियम झाला. त्याच्या कलम १ मध्ये लिहिलं आहे की काही कलमं लगेच आणि उरलेली अधिनियमित झाल्यापासून एकशे विसाव्या दिवशी अंमलात येतील. १५ जून हा पहिला दिवस धरून बोटांवर मोजा: १२ ऑक्टोबर येतो, आणि कायदा पूर्णपणे अंमलात आला तो त्याच दिवशी. ‘अधिनियमित’चा अर्थ ‘लागू’ घेतला तर हे कलमच निरर्थक होतं. जिथे अंमलाची वेगळी तारीख दिलेली नसते, तिथे केंद्रीय कायदा अनुमतीच्या दिवसापासूनच अंमलात येतो. दोन शब्द एकच वाटतात ते अशा कायद्यांमुळे.

आता कर्ता. अधिनियमित करते संसद किंवा राज्याचं विधानमंडळ, किंवा संविधानाच्या बाबतीत संविधानसभा. ‘मंत्रिमंडळाने कायदा केला’ हे चूक. मंत्रिमंडळ विधेयकाच्या मसुद्याला मान्यता देतं. एकट्या विधानसभेने विधेयक ‘संमत’ केलं म्हणावं (‘मंजूर’ही चालतं), अधिनियमित नाही. राज्यपाल अध्यादेश काढतात तेव्हा राजपत्रातला शब्द असतो ‘प्रख्यापित करणे’. कायद्याखालचे नियम शासन ‘करतं’, आणि सहकारी गृहनिर्माण संस्था आदर्श उपविधी (नमुना नियमावली) ‘स्वीकारते’.

कर्मही जपून निवडावं लागतं. संविधान, कायदा, तरतूद अधिनियमित होते. विधेयकाचं अधिनियमात रूपांतर होतं. ‘अधिनियम अधिनियमित केला’ हे तर कानालाच खटकतं. महाराष्ट्राच्या अधिनियमांची सुरुवात बघा: ‘भारतीय गणराज्याच्या अमुकाव्या वर्षी, याद्वारे, पुढील अधिनियम करण्यात येत आहे’. इतक्या औपचारिक जागीसुद्धा साधं ‘करणे’ पुरलं आहे.

म्हणून माझं मत: बातमीत, लेखात, बोलण्यात ‘कायदा करणे’ म्हणा. ‘कायदा बनवणे’ हिंदीच्या वळणाचं आहे, मराठीत कायदा करतात. ‘अधिनियमित’ राखून ठेवा ते कायदा झाल्याचा क्षण आणि तो अंमलात आल्याचा क्षण वेगळे दाखवायचे असतील तेव्हासाठी. ‘अंमलात आला’ आणि ‘अंमलबजावणी झाली’ यांतही तितकंच अंतर आहे: पहिलं तारखेने होतं, दुसरं यंत्रणेने करावं लागतं.

विरुद्धार्थी क्रियापद हवं असेल तर ते ‘निरसित करणे’. विधानमंडळ आपला जुना कायदा निरसित करतं. न्यायालय घटनाबाह्य ठरलेला कायदा रद्दबातल करतं. बातम्यांत दोन्हींना ‘रद्द’ म्हणतात, तेव्हा रद्द कोणी केला हे वाक्यात यायलाच हवं.