स्क्रीन काळी झाली म्हणजे फोन लॉक झाला असं नाही

प्रश्न : माझ्या अँड्रॉइड फोनला स्क्रीन टाइमआउट 30 सेकंद लावलाय. तरी परवा ऑफिसात टेबलावरचा फोन मैत्रिणीने उचलला, स्क्रीन बंद होती, बटन दाबलं तर पिन न मागता सरळ उघडला! फोन बिघडलाय का? मिस्टरांच्या आयफोनचं असं होत नाही. आणि आईचं उलटंच, रेसिपी बघता बघता तिची स्क्रीन जाते, पिठाच्या हाताने पिन टाकावा लागतो म्हणून ती म्हणते लॉकच काढून टाक. काढू का?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : ताई, फोन चांगला आहे, बिघडलेला नाही. गोंधळ असा आहे की फोनमध्ये दोन वेगवेगळे टाइम असतात आणि आपण एकच समजून चालतो. स्क्रीन टाइमआउट म्हणजे हात लावला नाही तर स्क्रीन किती वेळाने बंद होणार, एवढंच. स्क्रीन बंद झाल्यावर लॉक किती वेळाने लागणार हे दुसरीकडेच असतं. सेटिंग्जमध्ये सिक्युरिटीत स्क्रीन लॉक शोधा, त्याच्या बाजूला बारीक गिअरचं चिन्ह दिसेल, ते दाबलं की 'लॉक आफ्टर स्क्रीन टाइमआउट' येतं (सॅमसंग असेल तर लॉक स्क्रीनमध्ये सिक्युअर लॉक सेटिंग्ज बघा). तिथे समजा 5 मिनिटं असेल तर आधी ते 30 सेकंद आणि त्याच्यावर ही 5 मिनिटं, म्हणजे साडेपाच मिनिटं तुमचा फोन कोणीही उचलावा आणि उघडावा. ते 'इमिजिएटली' करा. त्याच पानावर 'पॉवर बटन इन्स्टंटली लॉक्स' आहे, तेही चालू ठेवा, नाहीतर बटन दाबून फोन पर्समध्ये टाकला तरी लॉक लगेच लागेलच असं नाही.

आयफोनमध्येही दोन टाइम आहेत, ऑटो-लॉक (स्क्रीन किती वेळाने बंद होणार) आणि रिक्वायर पासकोड (त्यानंतर पासकोड किती वेळाने मागणार). पण फेस आयडी किंवा टच आयडीने फोन उघडत असेल तर दुसऱ्यात 'इमिजिएटली' सोडून पर्यायच मिळत नाही, म्हणून मिस्टरांना हा प्रश्न आलाच नाही.

आता आईंचं. लॉक अजिबात काढू नका, प्लीज. त्यांच्या फोनात बँकेचे मेसेज येतात, ओटीपी येतात, सगळ्या नातेवाइकांचे नंबर आहेत. त्यांचा त्रास लॉकचा नाहीच, स्क्रीन लवकर जाते त्याचा आहे, मग स्क्रीन टाइमआउट 5 किंवा 10 मिनिटं करा आणि लॉक इमिजिएटलीच राहू दे, पोळ्या होईपर्यंत रेसिपी समोर राहील. बॅटरी थोडी जास्त जाईल, जाऊ दे. घरात असताना फोन उघडाच राहावा म्हणून 'एक्स्टेंड अनलॉक' मध्ये ट्रस्टेड प्लेस लावायचा सल्ला कोणीतरी देईलच, पण ती जागा घराच्या भिंतीपाशी थांबत नाही, 80 मीटरपर्यंत पसरू शकते. आपल्याकडे 80 मीटरात शेजारची विंगसुद्धा येते!

तुम्ही बोरिवलीच्या म्हणजे लोकलने जात असणार, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. दारात उभं राहून फोन बघत असताना हातावर फटका मारून फोन पाडतात ना, तेव्हा फोन उघडाच असतो, आणि चोर स्क्रीनवर बोट फिरवत राहिला की टाइमआउट सुरूच होत नाही. तिथे हे दोन्ही टाइम काही कामाचे नाहीत. त्यासाठी अँड्रॉइडमध्ये आता 'थेफ्ट डिटेक्शन लॉक' आलंय, फोन हिसकावून कोणी पळालं असं वाटलं की ते स्वतःच लॉक लावतं, दरवेळी ओळखेलच असं नाही पण चालू करून ठेवा. त्याच एक्स्टेंड अनलॉकमधलं 'ऑन-बॉडी डिटेक्शन', म्हणजे फोन अंगावर असेपर्यंत उघडा ठेवणारं, मात्र बंदच ठेवा, कारण फोन अंगावर आहे एवढंच त्याला कळतं, कोणाच्या अंगावर ते कळत नाही. पेमेंटच्या ॲपना त्यांचं वेगळं लॉक लावा आणि यूपीआय पिन फोनच्या पिनसारखा ठेवू नका. आणि फोन गेलाच तर लगेच मिस्टरांच्या फोनवरून गुगलच्या 'फाइंड हब'वर जाऊन लॉक करा, सिम बंद करा, पोलिसात तक्रार द्या आणि तिची कॉपी घेऊन सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, ब्लॉक करा. तो नंबर आजच स्टार हॅश झिरो सिक्स हॅश डायल करून घरच्या डायरीत लिहून ठेवा, फोन गेल्यावर बॉक्स शोधत बसायला नको.