९५ डेसिबलच्या प्रेस शॉपमध्ये १२० डेसिबलचा एक भोंगा पुरेल का?

तुमची अडचण मला समजली ती अशी: प्रेस शॉपची, म्हणजे दाबयंत्रांनी पत्रा कापण्या-वाकवण्याच्या विभागाची, साधारण ६० मीटर लांब पत्र्याची शेड, चालू शिफ्टमध्ये ९५ डेसिबल गोंगाट, सगळ्यांच्या कानात इअर प्लग, आणि विक्रेता म्हणतोय की धोक्याच्या इशाऱ्यासाठी १२० डेसिबलचा एकच भोंगा मधोमध टांगा.

नाही पुरणार. मी बरीच वर्षं प्रेस शॉप आणि फोर्जिंगच्या मेंटेनन्समध्ये काढली आहेत, आणि या जागी बहुतेक जण भोंग्याच्या पेटीवरचा आकडा बघून फसतात. तो १२० हा आकडा भोंग्यापासून १ मीटरवरचा असतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल उतरतात. २ मीटरवर ११४, ४ वर १०८, ८ वर १०२ आणि १६ मीटरवर ९६, म्हणजे तुमच्या गोंगाटाच्या जेमतेम बरोबरीला. शेडमध्ये पत्र्यावर, भिंतींवर आपटून आवाज थोडा जास्त टिकतो, पण त्यावर भिस्त ठेवू नका.

धोक्याच्या इशाऱ्यांसाठी आयएसओ ७७३१ हे मानक आहे. त्यानुसार इशारा भोवतालच्या गोंगाटापेक्षा निदान १५ डेसिबल वर हवा. तुमच्याकडे ते होतात ११०, आणि एवढा आवाज त्या भोंग्यापासून फार तर ३ मीटरपर्यंत मिळेल. उलट वरची मर्यादा ११८ आहे, त्यामुळे भोंग्याच्या अगदी जवळ कोणी काम करत असेल तर त्याच्या कानाला तो घातकच. म्हणून एका मोठ्या भोंग्याऐवजी शेडभर ठरावीक अंतरावर लहान भोंगे लावा.

पण त्याआधी एक काम करा. नुसतं ९५ हे एकच रीडिंग घेऊन थांबू नका, ऑक्टेव्ह बँड, म्हणजे खालच्या ते वरच्या सुरांच्या प्रत्येक पट्टीतला आवाज वेगळा दाखवणारा मीटर भाड्याने आणा आणि प्रत्येक मशीनपाशी, ऑपरेटरच्या कानाच्या उंचीवर मोजा. गोंगाट सगळ्या पट्ट्यांत सारखा नसतो. ज्या पट्टीत तो कमी आहे तिथे इशाऱ्याचा सूर बसवला तर त्या एका पट्टीत १० डेसिबलची आघाडीसुद्धा मानकाला चालते. एवढं मात्र बघा की खालच्या पट्टीतला मोठा आवाज वरच्या पट्टीतला सूर झाकून टाकतो, त्यामुळे लगतच्या खालच्या पट्टीचं रीडिंगही विचारात घ्यावं लागतं. हे केलं की भोंगा केवढा मोठा हवा यापेक्षा कुठल्या सुराचा हवा, हा प्रश्न पुढे येतो, आणि माझ्या मते तोच खरा प्रश्न आहे.

का, ते सांगतो. मी काम करत होतो त्या कारखान्यात नवा बझर बसवून मॉक ड्रिल घेतलं. सूर उंच, कर्कश, ३००० हर्ट्झच्या आसपासचा. ऑफिसातून आलेल्या आम्हा सगळ्यांना कान झाकावे लागले. असेंब्ली पॉइंटवर, म्हणजे बाहेर सगळ्यांनी जमायच्या जागी, मोजणी केली तर एक माणूस कमी. परत आत गेलो तर ग्राइंडिंगवरचे आमचे सगळ्यात जुने काका खाली मान घालून काम करत होते. बेपर्वाई अजिबात नव्हती. आवाज त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. गोंगाटाने कान जातात ते आधी ३००० ते ६००० हर्ट्झच्या टापूत, त्यातही ४००० पाशी सगळ्यात जास्त. वर इअर प्लगही उंच सूर जास्त अडवतात. म्हणजे आम्ही नेमका तोच सूर निवडला होता जो त्यांच्या कानातून सर्वांत आधी गेला होता. ती ड्रिल होती म्हणून निभावलं. तो दिवस मी विसरलेलो नाही.

म्हणून सूर ५०० ते २५०० हर्ट्झच्या दरम्यान ठेवा, आणि जिथे लोक प्लग वापरतात किंवा कान अधू झालेले आहेत तिथे आवाजाचा भरपूर जोर १५०० च्या खाली असू द्या. एकसुरी आवाज मशीनच्या गुणगुणीत मिसळून जातो, त्यापेक्षा चढता-उतरता किंवा तुटक चांगला. बाहेर पडण्याच्या इशाऱ्यासाठी ठरलेली लय आहे: अर्ध्या सेकंदाचे तीन आवाज, दोन आवाजांमध्ये अर्धा सेकंद शांतता, तिसऱ्यानंतर दीड सेकंद थांबा आणि पुन्हा सुरुवात. शिफ्टच्या भोंग्याशी तिचा गोंधळ होता कामा नये. क्रेनची घंटा आणि फोर्कलिफ्टचा रिव्हर्स बझरही वेगळे ओळखू यायला हवेत. फोर्कलिफ्टला ‘टीं टीं’ऐवजी खरखरीचा, अनेक सूर मिसळलेला आवाज बसवता आला तर बसवा, तो कुठल्या बाजूने येतोय ते लगेच कळतं.

गोंगाट १०० च्या वर जाणाऱ्या जागी फिरता किंवा लुकलुकणारा दिवाही लावाच, मशीनवर वाकलेल्या माणसाला दिसेल अशा उंचीवर. सगळ्याला बॅटरीचा आधार द्या, कारण मोठ्या अपघातात वीज बहुधा आधी जाते. शक्य असेल तिथे इशाऱ्याबरोबर प्रेस आणि हवेचे फवारे आपोआप थांबतील अशी वायरिंग करा, गोंगाटच उतरला की इशारा सहज ऐकू येतो. मात्र मॅग्नेट क्रेन आणि भट्टीचं कूलिंग त्या साखळीत अजिबात घेऊ नका. मॅग्नेटची वीज तुटली तर उचललेला माल खाली कोसळेल.

चाचणी सुट्टीच्या दिवशी रिकाम्या शेडमध्ये घेऊ नका. पूर्ण उत्पादन चालू असताना, प्लग कानात ठेवून, आणि ज्यांची श्रवण तपासणी खराब आली आहे अशांना मुद्दाम सामील करून घ्या. ऐकू आलं की हात वर करायला सांगा. कोपऱ्यातल्या एकाचाही हात वर गेला नाही तर तिथे आणखी एक भोंगा किंवा दिवा लागेल.

ऑक्टेव्ह बँडची रीडिंग आणि शेडची उंची इथे टाकलीत तर कुठली पट्टी मोकळी आहे ते बघून सांगतो.